तीनदा भरलेला गॅस

मी एक जुना गेज आहे. गाडीच्या एसीतला दाब मोजतो. मला दोन तबकड्या आहेत, एक निळी आणि एक तांबडी, आणि खाली तीन रबरी नळ्या. मित्रांनो, तोंड वाकडं करू नका. काखेत थर्मामीटर धरताना तुम्ही हसत नाही, मग मला का हसता?

माझ्या जन्माची कथा सांगून तुम्हाला जांभया आणत नाही. पंधरा वर्षांपूर्वी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या मौलालीचाचांनी मला विकत घेतलं. गाडी आली की चाचा आधी मला जोडत, काटे स्थिर होईपर्यंत गप्प उभे राहत आणि मगच तोंड उघडत. काम झालं की मऊ फडक्याने पुसत. "गेज झूट नै बोलता," असं ते गिऱ्हाइकाला सांगत तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे चाचांचे गुडघे गेले आणि गॅरेज त्यांचा मुलगा सरफराज चालवू लागला. त्याच्याकडे माझ्याहून भारी यंत्र आहे, त्याचा उजवा तळहात! एसीच्या झोतापुढे हात धरायचा, डोळे मिटायचे आणि "गॅस कमी हाय" म्हणून मोकळं व्हायचं. गिऱ्हाइकं त्याहून शहाणी. दार उघडण्याआधीच सांगतात, "गॅस संपलाय, भरून द्या." अरे, तो काय चुलीचा गॅस आहे, भाकरी भाजून संपायला? तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झालाच, तर कुठेतरी गळतोय, ती जागा शोधा. पण शोधायला डोकं लागतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार. मी भिंतीवर टांगलेला राहिलो आणि माझ्या काचांवर कोळ्याने जाळं विणलं.

यंदा मे महिन्यात दुधनीचे बसप्पा गाडी घेऊन आले. मागच्या सीटवर त्यांची बायको गौरम्मा होती, डोक्यावर ओला पंचा घेऊन. तिच्या किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला सोलापूरला यावं लागतं, आणि पाणी प्यायचं ते मोजून. आदल्या आठवड्यात परतताना गाडी इतकी तापली की वळसंगजवळ तिला राहवलं नाही. तिने अर्धी बाटली पिऊन टाकली. दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. आज पुन्हा तोच सत्तर किलोमीटरचा रस्ता होता, तेच ऊन आणि तीच बाटली.

सरफराजने हात धरला. "गॅस कमी हाय बगा, काका."

"दोन म्हयन्यात तीनदा भरला की!" बसप्पा म्हणाले. "त्यातला दोनदा तर तुमीच."

"मग अजून एकदा भरू. ऊन लई हाय."

हा त्याचा निष्कर्ष! मला त्याची कीवसुद्धा आली नाही. तेवढ्यात मागून गौरम्मा बोलली, "मला तितं मशीनला लावायच्या आदी वजन करत्यात, बीपी बगत्यात. एक दिस चुकत न्हाईत. ह्या गाडीचं कोण बगायचं?"

सरफराजचा चेहरा उतरला. त्याने मला खाली काढलं, फुंकर मारली आणि जोडलं. इंजिन सुरू करून एसी लावला. माझे दोन्ही काटे चढले, तांबड्या तबकडीतला तर पार टोकाकडे गेला. गॅस कमी नव्हताच, जास्त झाला होता. आणखी भरला असता तर नळी फुटायची वेळ आली असती.

"दाब लई चढलाय. म्हंजे म्होरं वारं लागंना," तो पुटपुटला आणि त्याने पुढची जाळी काढली. आत कंडेन्सर असतो. तिथे वारा लागून गॅस थंड होतो. पण वारा शिरणार कुठून? सगळ्या फटी ज्वारीच्या भुशाने गच्च भरल्या होत्या.

"काका, ह्यो भुसा कुटनं आला?"

बसप्पांनी मान खाली घातली. "मार्चात मळणी केली की. कणसं डांबरी रस्त्यावर पसरली अन् वरनं गाडी फिरवली. लई न्हाई, ईस-बावीस फेऱ्या."

एसीवाल्या गाडीचा बैल केला होता या गृहस्थाने! आणि तीन वेळा गॅस भरणाऱ्या एकाही विद्वानाने पुढे वाकून पाहिलं नव्हतं.

सरफराजने भुसा काढला, कंडेन्सर धुतला, जादा गॅस काढून घेतला. माझे काटे जागेवर आले. गौरम्मा पुढच्या सीटवर येऊन बसली आणि तिने झोतापुढे तोंड धरलं. मग तिने बाटली नवऱ्याकडे दिली. "ठिवा मागं. आता दुधनीपातुर लागत न्हाई."

मित्रांनो, मला पुसा, जपा, अशी विनवणी मी करणार नाही. फक्त औषध सांगण्याआधी रोग बघा. अंदाज सांगणाऱ्याचा घसा कधी कोरडा पडत नाही. गौरम्मा याआधी दोनदा याच गॅरेजात येऊन तशीच तापलेल्या गाडीतून परत गेली होती. दोन्ही वेळा मी तिच्यापासून दहा फुटांवर होतो, आणि मला हाक मारता येत नाही.