पहिला ठिपका गिळणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. कळफलक हेच माझं सगळं अंग. पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि लक्षात ठेवायला कॅसेट. हसा, खुशाल हसा! मी नवा होतो तेव्हा मला बघायला अख्खी गल्ली लोटली होती.

मला घरी आणलं ते एका विणकाम करणाऱ्या बाईने. तिला मी आईच म्हणतो, कारण तिची मुलगी तसं म्हणते. आईने माझ्यासोबत आलेलं पुस्तक वाचून स्वतःच प्रोग्राम लिहिला. एक ठिपका म्हणजे एक टाका. मी जोडलेल्या प्रिंटरवर ओळीमागून ओळ छापायचो, ती कागद समोर ठेवून स्वेटर विणायची. असे एकेचाळीस नमुने आम्ही दोघांनी केले. केवढे कौतुकाचे दिवस होते ते!

तिचा भाऊ मात्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकाचा भक्त. आला की सुरूच. “ताई, कसला डबा घेतलास! माझ्याकडे सोळा रंग आहेत, सोळा!”

“रंग लोकरीत असतात रे,” आई म्हणायची. “हा टाके नीट मोजतो, मला तेवढं पुरे.”

पुढे माझी कंपनी बुडाली. माझ्या टेबलावर त्या मामाच्या संगणकाचा वंशज येऊन बसला आणि मी माळ्यावर गेलो. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. पण नव्याला माझी कॅसेट वाचता येईना. छापलेले कागद विरले आणि आईने ते नमुने विणणंच सोडलं. आपली सगळी मेहनत वाया गेली असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मुलगी मोठी होऊन प्रोग्रामर झाली होती. तिने मला खाली काढलं, पुसलं आणि आईला म्हणाली, “मी असा प्रोग्राम लिहिते, की हा नवा संगणक हुबेहूब त्या जुन्यासारखा वागेल. मग तुझे नमुने त्याच्यावर चालतील.”

मी दहा मिनिटांत तापायचो. तरी थांबत थांबत, चार दिवसांत आईचा प्रोग्राम आणि कॅसेटवरचे सगळे एकेचाळीस नमुने मी तिच्या हवाली केले. पाचव्या दिवशी माझं चित्र कायमचं गेलं.

नव्याने नमुना छापला, आईने स्वेटर विणला. पुढच्या दोन्ही बाजू जोडल्या, तर मधली फुलं एकमेकांना लागेचनात! प्रत्येक ओळीत एक टाका जास्त. मुलीने आठ दिवस स्वतःचा प्रोग्राम उलटासुलटा तपासला. चूक सापडेना, आणि खात्री करायला मी तर आंधळा झालेलो.

“आई, तुझेच टाके चुकले असतील.”

“माझे टाके चुकत नाहीत,” आई फणकारली आणि चष्मा लावून तिने आपला जुना प्रोग्राम वाचायला घेतला. वाचता वाचता तिने कपाळावर हात मारला.

“अगं बाई! प्रत्येक ओळ छापताना हा पहिला ठिपका गिळायचा. खोडच होती मेल्याची! म्हणून मी त्याच्यापुढे एक ठिपका जास्तीचा वाढायचे.”

“हात्तिच्या! मग तो जास्तीचा ठिपका काढून टाकते.”

“खबरदार! माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. त्याच्यासारखा वागणारा हवा ना? मग खोडीसकट वागू दे.”

मुलगी हसली. तिने नव्याला पहिला ठिपका गिळायला शिकवलं. आईने स्वेटर उसवून पुन्हा विणला, तेव्हा पाकळीला पाकळी लागली. मामाला बातमी कळल्यावर तो म्हणाला, “म्हणजे शेवटी माझाच संगणक कामाला आला!” आईने त्यालाच तो स्वेटर घालायला लावला.

मित्रांनो, मी आता शेल्फवर आहे, आणि मजेत आहे. एकच सांगणं आहे. तुमच्या घरात जे कोणी जुनं असेल, वस्तू असो की माणूस, त्याच्या खोडी आत्ताच विचारून ठेवा. गुण पुस्तकात छापलेले असतात. खोडी मात्र ज्याने सोबत दिवस काढले, त्याच्याच जवळ असतात.