शंभर कोटींवर एक

भाविकाला गणितात पडले होते अडतीस, आणि हवी होती विज्ञान शाखा. काचेच्या नळीत रक्त तपासायचं शिकायचं, हे तिनं कधीचंच मनाशी धरलं होतं. मुरबाडच्या कॉलेजात कमळाकर सरांनी अर्ज पाहिला, चष्मा कपाळावर नेला.

"अडतीस? पोरी, कला शाखा घे. सुखात राहशील."

"नाय सर. विज्ञानच."

मागं उभ्या बाईजानं लेकीच्या ओढणीला हिसका दिला. मोठ्या माणसाला असं तोंडावर नाय म्हणतात का!

सर मात्र हसले. महिन्यामागंच देशाची माणसं शंभर कोटी झाली होती. पेपरातलं ते कात्रण त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. त्यांनी फळ्यावर लिहिलं : १,००,००,००,००१.

"शंभर कोटी, वर एक. दोनानं भाग नाही, तीनानं नाही, पाचानं नाही. मला तर ही मूळ संख्याच वाटते. हिला भागणारं कुणी दाखव, विज्ञान शाखा तुझी."

अकराची कसोटी सातवीत शिकवली होती : एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा; शेवटी शून्य उरलं की अकरानं भाग जातो. डोक्यात ती राहायची नाही, म्हणून भाविकानं ती पायांत ठेवली होती, गौरीच्या नाचात. एक ठेका आत, एक ठेका बाहेर. अंक असेल तितकी पावलं, शून्याला नुसती टाळी. निघालो तिथंच परत आलो, की झालं.

तिनं चपला काढल्या.

"अगो, गौरी भादव्यात येते!" बाईजा पुटपुटली.

एक पाऊल आत. वाकून धरतीला हात. मग आठ शून्यांच्या आठ टाळ्या, आतली, बाहेरची, आतली, बाहेरची. शेवटचा एक आला आणि पाय पुन्हा आतच पडला. दोन पावलं आत, तिथंच ती उभी.

"बघ, मूळच आहे," म्हणत सरांनी कला शाखेचा अर्ज पुढं सरकवला.

भाविकाचे डोळे भरले. तेवढ्यात बाईजा पुढं झाली.

"चुकलीस गो! धरतीला हात लावतो तो ठेका मोजतात काय? तो देवीचा. आपला नाय."

भाविका मागं आली. एक आत. धरतीला हात, तो सोडून दिला. आठ टाळ्या, आता मायही टाळीत मिळाली. आणि शेवटचा एक बाहेर पडला, बरोबर निघाली त्याच फरशीवर.

"अकरा, सर! अकरानं जातो."

सरांनी खडू उचलला. भागाकार उतरत गेला, बाकी काहीच उरली नाही. उत्तर त्यांनी मोठ्यानं वाचलं, "नऊ कोटी, नऊ लाख, नऊ हजार, एक्याण्णव." वाचता वाचता त्यांचाच आवाज ओवीला लागला.

"हे हिला कुणी शिकवलं, बाई?"

"आमी काय शिकवणार, सर? आमी आपलं नाचतो."

सरांनी कलेचा अर्ज फाडला, दुसऱ्यावर 'विज्ञान' लिहिलं. "आता या एक्याण्णववालीला कुणी भागतं का, सोमवारी वर्गात सांग."

"सोमवारी परत यायचं?" बाईजानं विचारलं.

"रोजच यायचं, आये," भाविका म्हणाली, आणि अनवाणीच फळ्याशी जाऊन तो आकडा तळहातावर उतरवू लागली.