अळूच्या टोकावरचा थेंब

सुप्रभाकाकूंनी पुढच्या खोलीला रात्री कुलूप लावायला सुरुवात केली, तेव्हा स्वरालीला कळलं की संशय आपल्यावरच आहे.

लंडनजवळच्या हाउन्सलोमधल्या त्या भाड्याच्या घरात ती काकूंची पोटभाडेकरू होती. पुढच्या खोलीत देव होते आणि शेजारी कुंडीत, दुकानातल्या अळकुडीपासून काकूंनी वाढवलेला अळू. रोज पहाटे त्याच्या पानांच्या टोकांना टपोरे थेंब लोंबत आणि खाली कार्पेटवर ओला डाग पडलेला असे. येत्या शुक्रवारी घरमालकाच्या एजन्सीची बाई घर तपासायला येणार होती. काकूंनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "मी फक्त रविवारी पाणी घालते. घरात आपण दोघीच. हे थांबलं नाही तर दुसरी खोली बघ."

कुलूप लावूनही थेंब आलेच. मग काकूंनी तिच्याकडे दुसरी किल्ली आहे का, हे आडून आडून विचारून घेतलं.

स्वराली पाण्याचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिने पाहिलं, तर खिडकीची काच कोरडी, बाजूचा मनी प्लांटही कोरडा. म्हणजे हे दव नव्हे. अळूची माती मात्र नुसता चिखल. रविवारच्या पाण्याने एवढी ओल राहत नाही. म्हणजे काकूच खोटं बोलत होत्या. घालवायचंच असेल तर सरळ सांगावं की, तिला वाटलं.

सोमवारी ती लवकर घरी आली. काकूंची शिफ्ट पहाटेची, म्हणून पूजा संध्याकाळी. देवांना स्नान घालून काकूंनी ताम्हन उचललं आणि अळूच्या कुंडीत रिकामं केलं.

"काकू, हे रोज?"

"मग? तुळस थंडीने गेली. सिंकमध्ये ओतू?"

"म्हणजे रोज पाणी घालता."

"पाणी कुठे? देवांचं स्नान आहे ते."

स्वरालीने हसू गिळलं. माती ओली असली की मुळं रात्रभर पाणी वर ढकलतात, पानांची छिद्रं तेव्हा मिटलेली असतात, म्हणून ते टोकातून बाहेर येतं, असं तिने समजावलं. काकूंच्या चेहऱ्यावरून पटलेलं दिसेना. तरी स्नानाचं पाणी मागच्या अंगणातल्या गुलाबाला घालायचं ठरलं. कुलूप चालूच राहिलं.

गुरुवारी पहाटे काकूंनी दार उघडलं. एकेका पानाखालून बोट फिरवलं, कार्पेटवर तळवा दाबला. सगळं कोरडं. मग दारात उभ्या स्वरालीकडे पाहिलं.

"रात्री तू पुसून तर नाही ना घेतलंस?"

"किल्ली तुमच्या उशाखाली होती, काकू."

काकूंनी कोट चढवला. शिफ्टला निघून गेल्या. किल्ली मात्र दारालाच लटकत होती.