सगळ्यात लिबरल कोपरा

शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये, बास्केटबॉलच्या रिंगखाली, ग्रेटचेन व्हँडरलिंडन आणि लाइल पेकम एकमेकांच्या अंगावर धावून जायचे तेवढे बाकी होते. भांडण कशावरून? तर अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणाऱ्यांत सगळ्यात लिबरल कोण, यावरून. एक कॉलेजात इतिहास शिकवणारी, दुसरा सहकारी किराणा दुकानाचा मॅनेजर, दोघंही साठीच्या आसपासचे, आणि दोघांचेही चेहरे लालबुंद.

"तुझी सिनेटर?" लाइल म्हणाला. "तुरुंग भरायच्या कायद्याला हिनंच मत दिलं होतं, विसरलीस? माझा गव्हर्नर तेव्हा मोर्चात होता, मोर्चात!"

"मोर्चात होता, कारण निवडून येत नव्हता," ग्रेटचेन म्हणाली. तिच्या मागं उभे असलेले खो-खो हसले. "आणि त्या मताबद्दल तिनं माफी मागितलीय. आज तुरुंगातल्या कैद्यालाही मताचा हक्क द्या म्हणणारी ती एकटी आहे. एकटी! तुझा गव्हर्नर कैद्याचं नाव काढलं की घसा खाकरतो."

टाळ्या पडल्या. गुणफलकाखाली उभ्या असलेल्या रमोना ड्वोराकच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती वृद्धाश्रमातली ड्यूटी संपवून तशीच आली होती, अंगावर निळा युनिफॉर्म, पायात बर्फानं ओले झालेले बूट. सोबत तिच्याच पाळीतल्या तिघीजणी होत्या. घरी जाऊन पाय वर करून बसायचं सोडून त्या केवळ तिच्या शब्दाखातर आल्या होत्या. आयोवातल्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या वस्तीच्या सभेत, मत पेटीत टाकायचं नसतं. ज्याला ज्याचा उमेदवार, त्यानं त्याच्या कोपऱ्यात जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत उभं राहायचं. कोपऱ्यात पुरेशी डोकी जमली नाहीत तर तो उमेदवार तिथंच बाद, आणि त्याच्या माणसांना दुसरा कोपरा शोधायला थोडा वेळ मिळतो. दाराजवळ एका मवाळ, गोडबोल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात अर्धा हॉल आरामात उभा होता. ग्रेटचेनच्या कोपऱ्यात माणसं कमी पडत होती आणि लाइलच्याही. दोघांनी हातमिळवणी केली असती तर प्रश्न पाच मिनिटांत मिटला असता. पण मग कोणी तरी कमी लिबरल ठरलं असतं ना! आपण मागं सरलो तर देश बुडेल, अशा थाटात दोघं आपापल्या जागी पाय रोवून उभे होते.

रमोना कुठल्याच कोपऱ्यात नव्हती. ती आली होती एका ठरावासाठी.

तिचा मुलगा कोल्बी छपरांची कामं करायचा. पाठीवर पडला, दुखणं थांबावं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्या सुटेनात, मग त्या मिळवण्यासाठी तो त्या विकू लागला आणि तुरुंगात गेला. आता शिक्षा संपत आली होती. रमोना राहायची ती सरकारी अनुदानाच्या फ्लॅटमध्ये. तिथं अशा गुन्ह्यातला माणूस एक रात्र जरी झोपला तरी तिचीच जागा जायची. म्हणजे कोल्बी बाहेर पडल्यावर जाणार कुठं, तर ज्यांच्या नादानं आत गेला त्यांच्याच चाकांवरच्या ट्रेलर-घरात. ते टाळायचा एकच मार्ग होता. गावातल्या काही चर्चवाल्यांनी लिंडन गल्लीतलं एक रिकामं घर व्यसनातून उठलेल्यांसाठी घेतलं होतं, आणि तिथली एक खोली कोल्बीला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. नगर परिषदेची परवानगी तेवढी हवी होती. मंगळवारी बैठक होती, आणि परिषदेतला एकजण रमोनाला स्पष्ट म्हणाला होता, त्या वस्तीचा पाठिंबा दाखवा, नाहीतर आम्ही हात घालणार नाही. कॉकसमध्ये उमेदवारांचं आटोपलं की वस्तीतला कोणीही ठराव मांडू शकतो. रमोनानं तो मांडायचं ठरवलं होतं.

"रमोना!" ग्रेटचेन तिच्याकडं वळली, हात पसरून, जणू दोघी रोज एकत्र कॉफी पितात. "तू तरी सांग याला. तुम्ही चौघी आलात की आमचं जमतंय."

"तिकडं जाऊ नकोस," लाइल म्हणाला. "कष्टकऱ्यांचा माणूस माझ्याकडं आहे. तिची सिनेटर श्रीमंतांच्या घरी जेवायला जाते."

"तुझ्या गव्हर्नरचं स्वतःचंच घर तलावाकाठी आहे!"

"छोटं आहे ते!"

"गप्प बसा दोघं," रमोना म्हणाली. आवाज इतका चढला की मवाळ कोपऱ्यातलेही वळून बघू लागले. "मला तुमच्या सिनेटरचं काही पडलेलं नाही आणि गव्हर्नरचंही नाही. शेवटी लिंडन गल्लीतल्या घराचा ठराव येणार आहे. त्याला जो कोपरा मत देईल, तिकडं आम्ही चौघी."

लाइलनं मागं आपल्या माणसांकडं पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून विचार करू लागला. ग्रेटचेननं विचार केला नाही. "अगं, हे काय विचारणं झालं? आम्ही सगळे आहोत तुझ्याबरोबर. माझ्या आईचं तू जे केलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

तिच्या आईला वृद्धाश्रमात रमोनानं मरेपर्यंत न्हाऊमाखू घातलं होतं. म्हातारी शेवटी शेवटी चावायची. रमोनाच्या मनगटावर अजून वण होता. ग्रेटचेन आठवड्यातून एकदा यायची, फुलं घेऊन. पण येऊन आईच्या डोक्यावरून हात फिरवत बसायची, हे रमोनाला आठवलं आणि तिनं विश्वास ठेवला. चौघी ग्रेटचेनच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. नॉर्बर्ट क्लाइन, बैठकीचे अध्यक्ष, शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले, यांनी पुन्हा डोकी मोजली आणि सिनेटरबाईंचा कोपरा टिकला असं जाहीर केलं. एवढा जल्लोष झाला की कोणी म्हणेल, आता व्हाइट हाउसच्या किल्ल्या हातात आल्या. लाइलची माणसं तोंडं पाडून कोट शोधू लागली. दुसऱ्या कोपऱ्यात जाण्यापेक्षा मत वाया गेलेलं परवडलं, असं त्यांचं म्हणणं.

आणि मग हॉल रिकामा झाला.

रमोनाला हे ठाऊक असायला हवं होतं. ती पूर्वी कधी कॉकसला आलीच नव्हती, नेहमी ड्यूटीवर असायची. उमेदवारांची मोजणी झाली की बाकीच्या कामाला कोणी थांबत नाही, समित्या, ठराव, सगळं खुर्च्या आवरणाऱ्यांच्या साक्षीनं उरकतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ती खिशातला कागद काढून सरळ करेपर्यंत ग्रेटचेनचा अख्खा कोपरा रस्ता ओलांडून समोरच्या बारमध्ये गेलासुद्धा. टीव्हीवर राज्याचे निकाल लागत होते ना!

उरले कोण? तिच्या सोबतच्या तिघी, टेबलावरच्या चॉकलेटच्या वड्या डब्यात भरणाऱ्या दोन म्हाताऱ्या, आणि एल्डन हॉगन. हॉगन लिंडन गल्लीत राहायचा, मवाळ उमेदवाराचा माणूस. गल्लीतल्या आठ-दहा जणांना घेऊन तो पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर टोपी ठेवून.

"मी तुला आधीच सांगितलं होतं, रमोना," तो म्हणाला. "घर मला नकोय. मी विरोधात मत द्यायला थांबलोय. पाठीत वार नको म्हणून तोंडावर सांगतोय."

"कळलं," रमोना म्हणाली. त्याच्यावर तिला हवा तेवढा राग येईना. ती नॉर्बर्टकडं वळली. "गेलेली माणसं परत आली तर त्यांची मतं धरता का?"

"नोंद झालेल्या कुणाचंही धरतो, सभा संपेपर्यंत. पण रमोनाबाई, चौकीदाराला दिवे घालवायचे आहेत."

"त्याला म्हणावं, थांब जरा. मी आलेच."

कोट न घालताच ती रस्ता ओलांडून गेली. बारमध्ये ऊब होती, तळलेल्या डुकराच्या मांसाच्या सँडविचचा वास होता, आणि ग्रेटचेनच्या टेबलावर बिअरचे दोन मोठे जग होते. दुसऱ्या टोकाला लाइलची मंडळी सुतकी चेहऱ्यानं पिझ्झा खात बसली होती.

"ही बघा आली! आपली तारणहार!" ग्रेटचेननं खुर्ची ओढली. "बस, काय घेशील?"

"ठराव आलाय. चला."

"आत्ता? अगं, आत्ता आपल्या जिल्ह्याचे आकडे..." टेबलावरचे सगळे टीव्हीकडं बघू लागले. एकानं ग्लास उचलला.

"ग्रेटचेन, तू शब्द दिलास."

ग्रेटचेन उठली आणि तिला हाताला धरून जरा बाजूला घेऊन गेली. आवाज मऊ केला. आजाऱ्याशी बोलतात तसा. "हे बघ, असं घर हवंच. तत्त्वतः माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण लिंडन गल्लीत मी राहते, मला माहीत आहे, तिथं लहान मुलं आहेत. हायवेला ते बंद पडलेलं मोटेल आहे बघ. केवढी जागा आहे तिथं! तू तसा बदल कर, मी स्वतः भाषण करते."

रमोनानं तिचा हात झटकला.

"आत असेपर्यंत त्याला मत द्यायचा हक्क," ती म्हणाली, आता सगळ्या बारला ऐकू जाईल अशी. "बाहेर आला की हायवेला! तासभर त्या रिंगखाली कैद्यांच्या नावानं गळा काढत होतीस. कोणते कैदी गं? ज्यांना आई नाही ते? ज्यांची आई तुझ्या आईचं गू-मूत काढत नव्हती ते?"

टीव्हीचा आवाज कोणी तरी कमी केला. ग्रेटचेनचे डोळे भरून आले आणि त्यानं रमोनाचा संताप आणखीच भडकला. आता रडणारही हीच!

तिकडून लाइल मोठ्यानं हसला. "ऐका, ऐका! हाच तो सगळ्यात लिबरल कोपरा!"

"तू कशाला दात काढतोस?" रमोना त्याच्याकडं वळली. "तू तरी कुठं थांबलास? कष्टकऱ्यांचा माणूस म्हणे! कष्टकरी तिकडं हॉलमध्ये उभ्या आहेत, ओल्या बुटांत. तू इथं पिझ्झा चावतोयस."

"तू आम्हाला कुठं मत दिलंस?"

"म्हणजे माझ्या पोराचं छप्पर तुझ्या रुसव्यावर अवलंबून?"

लाइलनं ओठ चावला. पण त्याची नजर ग्रेटचेनच्या टेबलावर गेली आणि ग्रेटचेनची त्याच्या टेबलावर. रमोनाला तेवढ्यात सगळं दिसलं. या माणसांना कोल्बीसाठी उठवता येणार नव्हतं. कोणत्याच माणसासाठी उठवता येणार नव्हतं. पण एकमेकांवर मात करायला ती बर्फातून अनवाणी पळाली असती.

"बरं," ती म्हणाली. "नाही तरी आज निकाल लागलाच नाही, जास्त लिबरल कोण ते. आता लागेल. नॉर्बर्ट हात मोजणार आहेत. कुठल्या टेबलावरचे किती हात वर झाले, ते मी उद्या सगळ्या गावाला सांगेन. लाइल, तुझ्या दुकानाच्या दारात उभी राहून सांगेन. ग्रेटचेन, तुझ्या कॉलेजात सांगेन." आणि ती मागं न बघता निघाली.

रस्ता अर्धा ओलांडेपर्यंत मागं खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. "चला रे, कोट घ्या!" हा लाइल. मग बायकांचे आवाज, "त्यांच्या आधी पोचलं पाहिजे," आणि चिखल झालेल्या बर्फात फचफच धावणारे पाय. हॉलच्या दारात दोन्ही टेबलांची गर्दी झाली. रमोना आपल्या तिघींजवळ जाऊन उभी राहिली. तिला हसू आलं नाही. आयुष्यात इतका राग तिला कधी आला नव्हता, नवरा सोडून गेला तेव्हाही नाही.

नॉर्बर्टनी ठराव वाचला. हात वर करा म्हणाले. लाइलच्या माणसांनी दोन्ही हात वर केले, त्यांना एकच करायला सांगावं लागलं. ग्रेटचेनच्या माणसांनी लाइलकडं बघत केले. ग्रेटचेनचा हात सगळ्यात शेवटी, कोपरातून अर्धा, आणि आजूबाजूला बघून मग पूर्ण. हॉगन आणि त्याच्या बरोबरचे विरोधात गेले. ठराव मंजूर झाला.

हॉगननं जाताना टोपी डोक्यावर घातली आणि रमोनाकडं बघून मान हलवली. लाइल छाती काढून आला. "आता बोल. कोण जास्त लिबरल?"

"बाजूला हो, लाइल," रमोना म्हणाली.

कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी ग्रेटचेन एकटी उभी होती. डोळे कोरडे झाले होते. "मला तो तिथं नकोय, रमोना," ती हळू म्हणाली. "तुझा मुलगा आहे, तू आईचं सगळं केलंस, तरी नकोय. मला भीती वाटते."

"मग मंगळवारी परिषदेत जाऊन हेच बोल. हॉगन बोलेल तसं."

"आता कसं बोलणार? सगळ्यांनी माझा हात पाहिलाय."

"म्हणून तर तुला इथं ओढून आणलं," रमोना म्हणाली.

तिनं कोटाची चेन वर ओढली.  मंगळवारी परवानगी मिळाली की खोली कोल्बीची होती. या बाईच्या घरावरून कोल्बी रोज कामाला जाणार होता, मान खाली घालून, आणि ही बाई रोज पडदा बाजूला करून बघणार होती. रमोनाला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

"त्याचं नाव कोल्बी," ती म्हणाली. "संध्याकाळभर तुमच्यापैकी एकानंही ते विचारलं नाही."