सासूबाईंचा डावा डोळा

चष्मेवाल्यांना दोनच गोष्टींची खरी काळजी असे. लोकांचे डोळे आणि स्वतःचा मान. डोळ्यांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गिऱ्हाईक दुकानाची पायरी कसं चढतं, यावरूनच ते त्याचा नंबर ओळखत. मानाचं मात्र तसं नव्हतं, कारण तिथे मध्ये साडू कडमडत.

हे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, इमारतींना लिफ्ट बसवायचे. सासरी त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत. माणूस हसतमुख, बोलका, आणि चष्मेवाल्यांच्या मते डोक्याने साफ रिकामा. हा रिकामा माणूस एका रविवारी गळ्यात कॅमेरा लटकवून सासरी आला आणि दारातूनच त्याने सासूबाईंचा फोटो काढला. सासूबाई खूश! चष्मेवाल्यांनी मोबाइलवर काढलेले त्यांचे शंभर फोटो एका क्षणात वाया गेले.

"मोबाइलमध्ये काही राम नाही, साडूभाऊ," लिफ्टवाले म्हणाले. "सगळा खेळ सेन्सरचा आहे. लेन्समधून उजेड ज्याच्यावर पडतो ना, तो तुकडा. तो जेवढा मोठा, तेवढा फोटो झकास. तुमच्या मोबाइलचा असेल करंगळीच्या नखाएवढा. त्यात मावणार काय, कपाळ?"

चष्मेवाले हसले. ते असे हसले की बायकोने, म्हणजे थोरलीने, घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

आठवड्याभरात घरात कॅमेरा आला. 'एक इंच सेन्सर' असं खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं. पण आयुष्य बारीक अक्षरं वाचण्यात गेलेला माणूस तो, त्याने माहितीपत्रकाच्या तळाशी जाऊन खरी मापं शोधली. सेन्सरची लांबी भरत होती जेमतेम अर्धा इंच! चष्मेवाले तडक कॅमेऱ्याच्या दुकानात.

"एक इंच म्हणून अर्धा गळ्यात मारता?"

"साहेब, एक इंच हे त्याचं नाव आहे," दुकानदार शांतपणे म्हणाला. "जुन्या काळच्या नळ्यांवरून पडलंय. मापाशी संबंध नाही."

"उद्या मी एक नंबरचा चष्मा दोन नंबरचा म्हणून विकला तर?"

दुकानदार मुरलेला होता. तो वाद घालत बसला नाही. त्याने त्याहून मोठ्या सेन्सरचा कॅमेरा काढून काउंटरवर ठेवला, शेजारी त्याहून मोठा ठेवला, आणि कापड घेऊन नुसता काच पुसत बसला. तासाभराने चष्मेवाले मधला घेऊन बाहेर पडले, आणि घरी पोचेपर्यंत त्यांना पटलं की तिसराच घ्यायला हवा होता. महिन्याभरात तोही आला. मधल्याच्या लेन्स तिसऱ्याला बसेनात, तेव्हा लेन्सही नव्या आल्या.

फोटो? फोटो काढायचे होतेच. पण आधी कॅमेरा ठरू दे, मग निवांत काढू, असं त्यांचं म्हणणं.

दरम्यान त्यांनी सगळ्या सेन्सरच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे कापून शर्टाच्या खिशात ठेवले. दुकानात म्हातारं गिऱ्हाईक काचेवरची अक्षरं वाचायला बसलं की चष्मेवाले ते तुकडे एकावर एक ठेवून दाखवत. "हा बघा मोबाइल. हा माझा पहिला. आणि हा आत्ताचा. आहे ना फरक?" चष्मा काढून बसलेल्या गिऱ्हाइकाला पुठ्ठाच दिसत नसे. पण नंबर चुकीचा निघेल या भीतीने ते बिचारं मान डोलवी.

तेवढ्यात लिफ्टवाल्यांनी फुल फ्रेम घेतला, म्हणजे तिसऱ्याहूनही मोठ्या सेन्सरचा कॅमेरा. घेतला तो घेतला, वर फोन करून सांगितलं. "साडूभाऊ, तुमचा चांगलाच आहे हो. शिकायला उत्तम."

शिकायला! चष्मेवाले त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनीही फुल फ्रेम आणला आणि तिसऱ्या कॅमेऱ्याची पक्षी टिपायची लांब लेन्स त्याला लावून गच्चीत गेले. समोरच्या टाकीवर कावळा होता. परत आले ते काळवंडून.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"कावळा लहान झाला."

"म्हणजे?"

"तीच लेन्स, तीच टाकी. लहान सेन्सरवर कावळा मोठा येत होता. आता सेन्सर मोठा झालाय, तर आजूबाजूचंच जास्त येतंय आणि कावळा एवढुस्सा."

"मग जुनाच बरा होता की."

चष्मेवाले चिडले. "तुला कॅमेऱ्याच्या बॉडीतलं काही कळत नाही. माझी बॉडी अजून हवी तशी नाही."

"ते मी लग्नापासून बघतेय," थोरली म्हणाली आणि आत गेली.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. सगळ्या कुटुंबाचा एक मोठा फोटो काढून दिवाणखान्यात लावायचा, असं ठरलं. फोटो कोण काढणार, हे मात्र ठरलं नाही; ज्याचा कॅमेरा मोठा तो काढणार, असं दोन्ही जावयांनी धरून चाललं. चष्मेवाल्यांनी दुकानासाठीच्या डोळे तपासायच्या नवीन यंत्राची खरेदी पुढे ढकलली आणि मीडियम फॉरमॅट आणला. फुल फ्रेमच्याही डोक्यावर बसणारा सेन्सर. सासरी जाऊन त्यांनी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, तेव्हा लिफ्टवाल्यांनी स्वतःचा कॅमेरा हळूच पिशवीत सरकवलेला त्यांनी पाहिला. एवढ्या सगळ्या खटाटोपात सुखाचा म्हणावा तो हा एकच क्षण.

पुढे सासूबाई, शेजारी वीतभर मागे सासऱ्यांची खुर्ची, त्यांच्या मागे दोन्ही लेकी, आणि शेवटच्या रांगेत लिफ्टवाले. कॅमेऱ्याने आपण होऊन सासूबाईंचा डावा डोळा हेरला आणि त्याभोवती हिरवी चौकट काढली. चष्मेवाल्यांनी लेन्सचं तोंड होतं तेवढं उघडलं. एवढा मोठा सेन्सर घ्यायचा आणि मागचं धूसर करायचं नाही, म्हणजे पाप. टायमर लावून ते धावत शेवटच्या रांगेत घुसले.

घरी त्यांनी फोटो संगणकावर उघडला आणि मोठा करत थेट त्या डोळ्यात शिरले. काय तो डोळा! पापणीचा केस न् केस सुटा. बुबुळात खिडकीचे गज. चष्मेवाले तास न् तास त्या डोळ्यात बसून राहिले. बाहेर येऊन बाकीचा फोटो बघावा, हे त्यांना सुचलंच नाही. तसाच त्यांनी तो भिंतभर छापून, फ्रेम करून, कागदात गुंडाळून सासरी नेला.

कागद निघाला.

"हे कोण?" सासऱ्यांनी स्वतःकडे बोट दाखवून विचारलं.

"बाबा, तुम्हीच ते," धाकटी म्हणाली. मग तिने स्वतःला शोधलं. सापडली ती साडीच्या रंगावरून. "आणि ह्यांच्या तोंडाला काय झालंय?"

"मी आहे होय तो?" लिफ्टवाले जवळ गेले. "मला वाटलं पडदा आहे."

"हे मुद्दाम असतं," चष्मेवाले म्हणाले. "मागचं सगळं असं विरघळतं ना, ते स्वस्तातल्या कॅमेऱ्याला जमत नाही. त्यालाच बोके म्हणतात."

"कोणाला बोके म्हणता?" धाकटी उसळली.

"अगं, तुम्हाला नाही. तुमच्या त्या धूसरपणाला. जाणकार लोक खास बोके बघायला येतात."

"ऐकलंस ताई? बोलावून घेऊन मागे उभं करायचं, तोंडं पुसायची, आणि वर बोके म्हणायचं!"

"मलाही पुसलंय त्यांनी," थोरली थंडपणे म्हणाली. "मी तर घरचीच."

"डोळा बघा ना आईंचा!" चष्मेवाले काकुळतीला आले. "मोतीबिंदूची सुरुवातसुद्धा दिसतेय!"

"मला काही धाड भरलेली नाही," सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्या उठून फोटोसमोर उभ्या राहिल्या, मान इकडे तिकडे करून त्यांनी तो न्याहाळला, आणि म्हणाल्या, "छान आलाय. इथे मध्यावर लावा."

"आई, आम्ही कोणीच दिसत नाही यात!"

"मी दिसतेय ना."

फोटो लागला. धाकटी पुढे कित्येक दिवस थोरलीशी फोनवर 'हं' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नाही. लिफ्टवाले कॅमेरा विकून बाग करू लागले, आणि त्यांच्या कुंड्या केवढ्या आहेत हे सांगणारे फोन येऊ लागले. चष्मेवाल्यांनी खिडकीत रोप ठेवलं नाही. मोह झाला, पण थोरली दारात उभी होती.

सासरी मात्र जावंच लागे. सोफ्याची एकच जागा रिकामी असायची, नेमकी त्या फोटोखालची. एकदा सासूबाईंची नवी शेजारीण आली. तिने फोटोचं तोंडभर कौतुक केलं आणि विचारलं, "हे मागे काय आहे, ढग का?"

"घरचेच आहेत सगळे," सासूबाई म्हणाल्या. मग उठल्या, शेवटच्या रांगेतल्या एका करड्या डागावर बोट टेकवलं. "आणि हे आमचे मोठे जावई."

शेजारणीने डागाकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

"फोटोत बरे दिसतात," ती म्हणाली.