वाकड्या मानेची बरणी

मिसाओबाईंनी फडक्याची गाठ सोडली आणि तेत्सुजी कुरामित्सू पुढे वाकले. बरणीची मान डावीकडे कललेली, खांद्यावर बोटभर चीर, आणि बुडाशी त्यांचीच खूण. ही बरणी जगात असायलाच नको होती.

इम्बे या कुंभारांच्या गावात भट्टी उघडली की मनाला न उतरलेला माल त्याच दिवशी फोडायचा, ही रीत. पन्नास वर्षं तेत्सुजी भांडी बाजूला काढत आले आणि मागच्या अंगणात त्यांची बायको ओरिए हातोडी चालवत आली. त्यांचं नाव जेवढं विकलेल्या भांड्यांवर उभं होतं, तेवढंच त्या खापरांच्या ढिगावरही.

"आमच्या आजीची हो," मिसाओबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं उमेच्या आंबट फळांचं लोणचं मुरलंय हिच्यात. ओकायामाला तुमच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन मांडताहेत ना, त्यांना हीसुद्धा हवीय. पेटी नवी करून आणलीय. बरणी तुमचीच हे पटायला झाकणावर तेवढं तुमच्या हातचं नाव पाहिजे, गुरुजी."

नाव घालावं तर टाकाऊ माल आपला म्हणून मिरवायचा. नाही म्हणावं तर आपलीच खूण खोटी पाडायची.

"बसा, चहा सांगतो," म्हणून ते आत सटकले.

ओरिए मुळा किसत होती.

"ती वाकड्या मानेची फोडली नाहीस तू?"

"आपल्या हारुएच्या जन्माच्या वेळची ना? तुम्ही भट्टीपाशी, बाहेर वादळ. मिसाओबाईंची आजी चिखल तुडवत आली, आडवं आलेलं पोर फिरवून सोडवलं तिनं. अशा सुईणीला रित्या हातानं पाठवू?"

"म्हणून टाकलेली बरणी दिलीस?"

"चांगलीला हात लावू दिला असता होय तुम्ही? मान वाकडी, पण पाणी धरते. तुमचा स्वभाव तरी कुठं सरळ आहे? सांभाळलाच ना मी!"

"अशा आणखी किती दिल्यास?"

किसणी थांबली. "मोजल्या नाहीत, अहो."

कुणाकुणाच्या फडताळात काय काय बसलं असेल! भट्टीच्या देवाच्या फळीपुढे त्यांनी हात जोडले. आच देताना त्यानं चांगलं-वाईट पाहिलं नव्हतं. निवड केली होती ती आपण. देवानं जे टिकवलं, ते पुसणारे आपण कोण?

बाहेर येऊन त्यांनी बरणीत हात घातला. आतली माती मिठानं गुळगुळीत झाली होती. चीर आरपार गेली नव्हती.

त्यांनी शाई उगाळली. झाकणावर लिहिलं: 'बरणी. मी टाकली, ओरिएनं राखली.' खाली नाव.

मिसाओबाई वाचून गोंधळल्या. "हे चालेल त्यांना?"

"ठाऊक नाही."

"आणि नाही चाललं तर?"

"तर माझी बाकीची भांडीही परत पाठवा म्हणावं."

बोलून गेले खरे, पण शाई वाळेपर्यंत त्यांचं बोट पेटीच्या कडेवरून हललं नाही.