घट काढलेलं वजन

मित्रांनो, कोल्हापूरच्या गुजरीत सिद्धाप्पांच्या चांदीच्या दुकानात, काचेच्या पेटीत एक पितळी काटा दिसतो, तो मीच. वय झालंय माझं, पण तोल अजून सुटलेला नाही.

हुपरीच्या एका कारागिराने माझी दांडी फार जपून घासली, म्हणून तांदळाचा दाणासुद्धा मला कळतो. कितीतरी नवऱ्यामुलींचे पैंजण माझ्या पारड्यात बसले. "सिद्धाप्पाचा काटा म्हणजे काटा," असं कुणी म्हटलं, की पितळेचा असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मोडीचे दागिने आले, की सिद्धाप्पांची एक रीत होती. दागिन्याचे सांधे झाळ, म्हणजे हलका धातू, वितळवून जोडलेले असतात, आणि झाळ म्हणजे काही चांदी नव्हे. तिची घट ते मनातच वजा करायचे आणि उरलेलं वजन तोंडाने सांगायचे. गिऱ्हाइकांनाही ते मान्य असे. पुढे विजेचा काटा आला आणि माझ्यावर धूळ बसू लागली. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मागच्या वर्षी त्यांची नात सौंदर्या आणि तिची मैत्रीण हुस्ना स्वतः बनवलेला, ओंजळीत मावेल एवढा उपग्रह घेऊन आल्या. दोघी तेव्हा इंजिनिअरिंगला होत्या. कॉलेजचा काटा दुरुस्तीला गेला होता. सिद्धाप्पांनी विजेचा काटा बाजूला सारून मला मुद्दाम पुसून पुढे घेतलं. मी किती सुखावलो म्हणून सांगू.

"रॉकेटचं भाडं वजनावर असतंय, आज्जा," सौंदर्या म्हणाली. "खर्चाचा अंदाज आजच पाठवायचा हाय. विमा, तपासणी, प्रवास, समदं धरलंय. वजन तेवढं ऱ्हायलंय."

"वर्गणी जमलीया तेवढ्यात बसलं म्हंजे झालं," हुस्ना म्हणाली.

एका पारड्यात उपग्रह, दुसऱ्यात वजनं, आणि मी बरोबर मधोमध थांबलो. पण सिद्धाप्पांची नजर तारांच्या सांध्यांवरच्या झाळेवर गेली आणि हयातभराच्या सवयीने त्यांनी घट काढूनच आकडा सांगितला. तो वर्गणीत बसला. मुली हरखून गेल्या. मी पेटीत नुसता तडफडत होतो. तोलता सगळं येतं मला, बोलता येत नाही.

उड्डाणाआधीच्या तपासणीत वजन जास्त भरलं. जास्तीचे पैसे द्यायला सिद्धाप्पा तयार होते, पण त्या रॉकेटवर तेवढं वजन न्यायला जागाच उरली नव्हती. मुलींची जागा दुसऱ्यांना गेली.

सौंदर्या दुकानात येऊन बसली, तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"घट काढली गं मी," सिद्धाप्पा म्हणाले. "ध्यानातच न्हाय आलं."

"रॉकेट घट धरत न्हाय, आज्जा. झाळ वर न्यायलाबी इंधन लागतंयच की."

"मग पुढच्या खेपेला धाडा."

"तवर आमचं कॉलेज संपतंय. मागच्या वर्गातल्या पोरी धाडतील त्यांचा."

सिद्धाप्पांनी माझी पेटी उचलून गल्ल्याजवळ आपल्या पुढ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बायडाबाई जुने पैंजण मोडायला आल्या. सिद्धाप्पांनी माझी पेटी त्यांच्याकडे फिरवली. "आदी काटा काय म्हणतोय ते बघा, आक्का. घटीचं मागनं बोलू."

मित्रांनो, आम्हा जुन्या काट्यांवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि आम्ही जे दाखवतो, ते आधी जसंच्या तसं सांगत जा. माझ्या सिद्धाप्पांनी जन्मात कुणाला फसवलं नाही. तरी नातीचा उपग्रह घरच्या कपाटात पडून आहे, आणि तो दिसू नये म्हणून ते कपाट सिद्धाप्पा स्वतः कधी उघडत नाहीत.